वाट पाहण्याची कामं आधी

नववीतल्या विज्ञान प्रकल्पासाठी आम्हाला 6 आठवडे मिळाले होते. गटात पाच जण, विषय आमचाच: वेगवेगळ्या प्रकाशात मुगाची रोपं कशी वाढतात. एक कुंडी उघड्या उजेडात, एक लाल जिलेटिन पेपरखाली, एक निळ्याखाली आणि एक पूर्ण अंधारात, झाकलेल्या खोक्यात. मोजायची उंची, लिहायचा अहवाल, शेवटी तोंडी परीक्षा.

पहिली बैठक मुखपृष्ठावर संपली. अक्षरं कोण काढणार, किनार कोणत्या रंगाची, आत फोटो चिकटवायचे की छापायचे. प्रकल्पाचं बोलणं बहुतेक तिथूनच सुरू होतं, कारण मुखपृष्ठ डोळ्यांसमोर येतं आणि निरीक्षणांचा तक्ता येत नाही. बाईंनी गुणांची विभागणी वर्गातच लिहून दिली होती. त्यात सजावटीला अगदी किरकोळ गुण होते; निरीक्षणं आणि निष्कर्षांची चर्चा यांना मिळून निम्म्याहून जास्त. तो कागद आमच्यापैकी प्रत्येकाकडे होता. तरी अर्धा तास किनारीवर गेलाच.

कामांची यादी मी घरी केली आणि ताईला दाखवली. ताई बांधकामाच्या नियोजनात काम करते. कोणतं काम कधी सुरू व्हायचं, कशासाठी काय अडतं, हे दिवसभर तक्त्यात मांडणं हीच तिची नोकरी. तिने यादी वाचली आणि विचारलं, "यातली कोणती कामं तुम्ही कितीही धावपळ केली तरी लवकर होणार नाहीत?"

मला प्रश्न लगेच कळला नाही. मग तिने स्लॅबचं सांगितलं. काँक्रीटची ताकद 28 दिवसांच्या हिशोबाने धरतात. ओतल्यावर पहिले काही दिवस त्यावर सतत पाणी मारायचं असतं आणि वर दहा माणसं जास्त उभी केली म्हणून ते लवकर पिकत नाही. म्हणून स्लॅब कधी पडायचा हे आधी ठरतं आणि तो पिकत असताना बाकीची कोणती कामं उरकायची हे त्यानंतर. "तुमच्यात स्लॅब कुठला?"

त्या प्रश्नाने यादीचे दोन भाग झाले. एकीकडे हाताची कामं: तक्ते आखणं, आलेख काढणं, लिहिणं, वाचणं. ही जास्त वेळ बसलं की पुढे सरकतात. दुसरीकडे वाटेची कामं: बी भिजणं, कोंब फुटणं, रोप वाढणं, बाईंची परवानगी येणं, प्रयोगशाळेचा तराजू मोकळा होणं, ग्रंथालयातलं दुसऱ्याने नेलेलं पुस्तक परत येणं, छपाई. यांत आपले कष्ट थोडेसेच असतात, पण दिवस बरेच जातात. मूग रात्रभर भिजत घालायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं आठवडाभर पुढे ढकलली, तर अख्खा प्रकल्प आठवडाभर पुढे जातो. मुखपृष्ठ मात्र शेवटच्या संध्याकाळीही होतं.

कारखान्यांत आणि मोठ्या बांधकामांत हा विचार फार जुना आहे. 1950 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत त्याची रीतसर पद्धत बसली. एकामागून एक येणाऱ्या कामांची सगळ्यात लांब साखळी शोधायची, कारण पूर्ण कामाचा कालावधी तीच ठरवते. साखळीबाहेरचं काम थोडं रेंगाळलं तरी चालतं. साखळीतलं काम एक दिवस लांबलं की शेवटची तारीख एक दिवस लांबते. आमची साखळी सरळ होती: परवानगी, बी भिजवणं, पेरणी, वाढ, मापं, आलेख, चर्चा, अहवाल. म्हणून दुसऱ्याच दिवशी मी बाईंकडे गेले ती फक्त परवानगीसाठी. प्रस्तावना लिहिलेली नव्हती, गटाचं नावही ठरलेलं नव्हतं. बाईंना जरा नवल वाटलं. त्यांनी सही दिली आणि एक अट घातली: प्रत्येक प्रकारात एक रोप नको, निदान दहा हवीत, एकच रोप खुरटं निघालं तर तुम्ही त्याचाच सिद्धान्त कराल.

पहिल्याच आठवड्यात बिया मातीत होत्या. मग उरलेल्या कामांना किती वेळ लागेल याचा अंदाज करायला आम्ही बसलो.

ताईच्या सांगण्यावरून हे आम्ही चिठ्ठ्यांवर केलं. मोठ्याने विचारलं की पहिला जो आकडा बोलतो, त्याच्याच आसपास सगळे राहतात. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा चार आलेखांसाठी कुणी अर्धा तास लिहिला होता, तर कुणी अख्खी दुपार. अर्धा तास लिहिणाऱ्याने आलेख कधी काढलाच नव्हता असं नाही. पण त्याच्या डोळ्यांसमोर फक्त रेघ ओढणं होतं. प्रमाण ठरवणं, अक्ष आखणं, चुकलेला बिंदू खोडणं, सूची लिहिणं हे त्याच्या हिशोबात नव्हतंच.

याबद्दल मानसशास्त्रातला एक अभ्यास आहे आणि तो विद्यार्थ्यांवरच झालेला आहे. 1994 मध्ये रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकल रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं की तुमचं काम किती दिवसांत संपेल. सरासरी उत्तर आलं सुमारे 34 दिवस. प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. मला धक्का बसला तो पुढच्या आकड्याने. सगळं शक्य तितकं बिघडलं तर किती दिवस लागतील, असंही त्यांना विचारलं होतं आणि त्याचं सरासरी उत्तर 49 च्या आतच होतं. म्हणजे मुद्दाम वाईटात वाईट कल्पना करूनही माणूस खऱ्या वेळेपर्यंत पोचत नाही. कल्पना करताना आपण कामाच्या पायऱ्या मोजतो; मध्येच आलेला ताप, हरवलेली वही, दुसऱ्या विषयाची चाचणी यांना त्यात जागा नसते.

त्यावर उपाय एकच: कल्पना सोडून मागचं काम आठवायचं. भूगोलाच्या मागच्या प्रकल्पाला आलेख काढायला खरोखर किती वेळ लागला होता? गटातल्या एकीने लगेच सांगितलं, दोन संध्याकाळी. मग आम्ही दोन संध्याकाळी लिहिल्या. अर्धा तास लिहिणारा कुरकुरला, "आता आपण हुशार झालोय ना!" तरी आकडा बदलला नाही.

राखीव वेळेवरून मात्र वाद झाला. माझं म्हणणं होतं, प्रत्येक कामाला एकेक दिवस जास्त धरू. ताई नको म्हणाली. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 1955 मध्ये 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकात लिहिलेलं एक वाक्य तिच्या कचेरीत सगळ्यांना पाठ आहे: कामाला जेवढा वेळ द्याल तेवढं ते पसरतं. कामापाठी एकेक दिवस वाटला की तो कुणाच्या लक्षात न येता खपतो. त्यापेक्षा सगळे जास्तीचे दिवस एकत्र करून शेवटी एकाच जागी ठेवा आणि त्याला हात लावायचा असेल तर पाचही जणांना विचारूनच लावा. आम्ही तो आठवडा तक्त्यात लाल पेन्सिलने रंगवला.

रोज मापं घेणं हे सगळ्यात सोपं काम आणि तेच सगळ्यात आधी राहून जाणार, अशी मला खात्री होती. दहा मिनिटांचं काम कुणाच्याच मनावर नसतं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाचं संशोधन इथे उपयोगी पडलं. 'मी हे करीन' एवढं ठरवणारे आणि 'अमुक वेळी, अमुक जागी करीन' असं ठरवणारे यांची त्यांनी तुलना केली. सुट्टीत एक छोटा अहवाल लिहायला सांगितलेल्या विद्यार्थ्यांमध्ये, वेळ आणि जागा आधी लिहून दिलेल्यांनी काम पुरं करण्याचं प्रमाण बाकीच्यांच्या साधारण दुप्पट निघालं. म्हणून आम्ही 'रोज उंची मोजायची' असं लिहिलं नाही. लिहिलं ते असं: 'दप्तर बाकावर ठेवलं की ज्याची पाळी आहे त्याने थेट प्रयोगशाळेच्या खिडकीशी जायचं, पट्टी तिथेच टांगलेली आहे, वही पट्टीखाली आहे.' पट्टी टांगून ठेवण्याची कल्पना गटातल्या सगळ्यात अबोल मुलाची आणि माझ्या मते पूर्ण प्रकल्पातली ती सर्वांत कामाची कल्पना. पट्टी शोधावी लागली असती तर मापं एव्हाना बंद पडली असती.

एक नियम मी हट्टाने लावला. माप राहिलं तर तो चौकोन रिकामा ठेवायचा. कालचं आणि उद्याचं बघून मधला आकडा भरायचा नाही. शाळा बंद असलेल्या दिवसांचे चौकोन असेच रिकामे आहेत. याचा वेळेच्या नियोजनाशी काय संबंध, असं वाटेल. संबंध असा की आकडे भरत बसण्याची सवय लागली की मापं घ्यायला जायची गरजच संपते.

गटाच्या मोबाइलवरच्या गप्पांमध्ये हे सगळं चालवायचा बेत होता; तो फार टिकला नाही. पाच जण म्हणजे आपसात दहा जोड्या. सहावा आला असता तर पंधरा झाल्या असत्या. माणसं एकेक करून वाढतात, पण त्यांच्यातलं बोलणं त्यापेक्षा खूप भराभर वाढतं. कुणी एकीला सांगितलेलं चौघांपर्यंत पोचत नाही, मापाच्या निरोपाखाली लगेच वीस विनोद येतात, आणि निरोप वर सरकून दिसेनासा होतो. म्हणून जे काही ठरलं ते प्रयोगवहीच्या मागच्या पानावर लिहायचं, आणि वहीत नाही ते ठरलेलंच नाही, असं केलं. विनोद मोबाइलवर चालू राहिले.

माझ्या स्वतःच्या बैठकीचंही सांगते. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं विश्रांती ही पद्धत बहुतेकांनी ऐकलेली असते. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन तरुणाने 1980 च्या दशकाच्या शेवटी, विद्यापीठात शिकत असताना, टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून ती सुरू केली. तिची जेवढी स्तुती होते तेवढी मला पटत नाही. वहीतले आकडे उतरवणं, सरासऱ्या काढणं, आलेखावर बिंदू मांडणं असल्या कंटाळवाण्या कामाला ती उत्तम. 25 मिनिटांनी सुटका आहे म्हटल्यावर माणूस बसतो. पण चर्चेचा भाग लिहिताना पहिली वीस मिनिटं नुसतं काय म्हणायचंय ते शोधण्यात जातात आणि पहिलं बरं वाक्य सुचतं तेवढ्यात घंटा वाजते. अशा कामाला मी घड्याळ लावतच नाही. फक्त फोन दुसऱ्या खोलीत ठेवते आणि दमेपर्यंत बसते.

उठताना मात्र एक गोष्ट करते. वहीत एक ओळ लिहिते: 'पुढे इथून सुरू: अंधारातल्या पानांचा रंग का फिका, याचं कारण.' सोफी लरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये दाखवलं होतं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं तरी मनाचा एक भाग पहिल्यातच अडकून राहतो. नंतरच्या अभ्यासात तिला आणि तिच्या सहकारी संशोधिकेला असंही आढळलं की उठण्याआधी आपण कुठे पोचलो आणि परत आल्यावर काय करायचं हे थोडक्यात लिहून ठेवलं तर ती अडकण कमी होते. मला त्याचा दुसरा फायदा जास्त जाणवला. परत बसल्यावर कोऱ्या पानाकडे बघत बसावं लागत नाही.

आता रोपांकडे वळते, कारण खरी परीक्षा तिथेच झाली.

अंधारातली रोपं सगळ्यांत उंच झाली. थोडीथोडकी नव्हे, उजेडातल्यांना लाजवतील इतकी. आम्ही अंदाज लिहिला होता तो बरोबर उलटा: प्रकाश नाही तर वाढ कमी. गटातल्या दोघांना खात्री होती की कुंड्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीय. तिसरी म्हणाली, अंदाजच बदलून टाकू. हे तिसऱ्या आठवड्यात घडलं म्हणून बरं. बिया उशिरा पेरल्या असत्या तर हाच तक्ता शेवटच्या दोन दिवसांत हाती आला असता आणि मग आम्ही काय केलं असतं ते मला सांगवत नाही.

लाल पेन्सिलीचा आठवडा आम्ही तेव्हा उघडला. पाचही जणांनी होकार दिला आणि अंधार विरुद्ध उजेड एवढीच पेरणी पुन्हा केली, या वेळी कुंड्यांवर खूण कोरून. दुसरी पेरणी वाढत असताना हात मोकळे होते, तेव्हा ग्रंथालयातलं पुस्तकही परत आलं होतं. त्यात उत्तर मिळालं. अंधारात उगवलेलं रोप बियांत साठवलेल्या अन्नावर खोड भराभर लांबवतं, जणू मातीच्या वर निघायचंच बाकी आहे. पानं लहान आणि पिवळसर राहतात, कारण हरितद्रव्य तयार व्हायला प्रकाश लागतो. निसर्गात बी मातीखाली खोल गेलं तर हीच धडपड त्याला वर आणते.

पुस्तकातला हा उतारा घेऊन बाईंकडे गेलो, तर त्यांनी आणखी एक काम दिलं. "उंची म्हणजेच वाढ का? रोपं मुळांसकट काढा, माती धुवा, सुकवा आणि मग वजन करा." हे पुन्हा वाटेचं काम होतं. कागदात पसरून रोपं सुकवायची, रोज वजन करायचं, लागोपाठ दोन वजनं सारखी आली की सुकणं संपलं. एकेक रोप इतकं हलकं की प्रयोगशाळेच्या तराजूवर नीट कळेना, म्हणून दहा-दहा रोपं एकत्र तोलली. पहिली पेरणी कागदात सुकत होती तेव्हाच दुसरी खोक्यात वाढत होती. दोन्हीकडे आपलं काम दिवसाला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नव्हतं.

दुसऱ्या पेरणीतही अंधारातलीच रोपं उंच निघाली. सुकल्यावर मात्र उजेडातली वजनदार ठरली. उंच रोपांत पाणीच जास्त होतं. स्वतःचं अन्न त्यांना तयार करता आलं नव्हतं, उलट साठा खर्च झाला होता. आमच्या अहवालाचा कणा हाच झाला. लाल आणि निळ्या कागदाखालच्या रोपांबद्दल मात्र आम्ही सरळ लिहिलं की दोन कुंड्यांतला फरक एकाच कुंडीतल्या रोपारोपांतल्या फरकापेक्षा मोठा नाही, त्यामुळे काही सांगता येत नाही. हे वाक्य ठेवावं की काढावं यावरही मतं पडली होती. ते ठेवलं.

लेखन उरलं तेव्हा दिवस थोडे होते. पाच जणांनी पाच भाग वाटून घ्यावेत, म्हणजे पाचपट लवकर होईल, अशी सूचना आली. संगणकाच्या क्षेत्रातले फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या कामात माणसं वाढवली की त्याला आणखी उशीर होतो, कारण नव्या माणसाला सगळं समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो. आमच्यात कुणी नवं नव्हतं, पण पाच हातांनी लिहिलेली चर्चा जोडून एकसारखी करायला लागणारा वेळ मी मागच्या प्रकल्पात पाहिला होता. म्हणून चर्चा एकटीने लिहिली, तीही आधी घाईघाईत, वाईट वाक्यांसकट, पण शेवटपर्यंत. पूर्ण मसुदा हातात असला की बाकीचे चौघं त्यावर बोलू शकतात. अर्ध्या सुंदर पानावर फक्त कौतुक करता येतं. चौघांनी वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी खुणा केल्या. अबोल मुलाच्या खुणा सगळ्यांत जास्त आणि बहुतेक बरोबर.

मुखपृष्ठ खरंच शेवटच्या संध्याकाळी झालं. किनार निळी.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी आलेखांकडे फारसं पाहिलं नाही. वही उलटली आणि रिकाम्या चौकोनांवर बोट ठेवलं, "हे का नाही भरलं?" अबोल मुलानेच उत्तर दिलं, "सर, त्या दिवशी शाळा बंद होती." सर पुढच्या पानावर गेले आणि मग बराच वेळ सुकलेल्या वजनाबद्दलच विचारत राहिले: किती दिवस सुकवलं, थांबायचं कधी हे कसं ठरवलं, दहा रोपं एकत्र का.

प्रकल्प देऊन झाल्यावर आम्ही सुरुवातीच्या चिठ्ठ्या काढल्या आणि प्रत्येक कामापुढे प्रत्यक्ष लागलेला वेळ लिहिला. मापांचा अंदाज जवळपास तंतोतंत होता. आलेखांना दोन संध्याकाळींपेक्षा थोडा जास्त वेळ लागला. चर्चेचा अंदाज सपशेल चुकला, तिला लिहिल्याच्या तिप्पट वेळ गेला. आणि छपाईला धरला होता त्याहून कमी. ते पान मी फाडून ठेवलं आहे. या वर्षी इतिहासाच्या प्रकल्पात मुलाखती घ्यायच्या आहेत. मुलाखतीला वेळ मागणं आणि समोरच्याचं उत्तर येणं ही दोन्ही वाटेची कामं, म्हणून ती पत्रं विषय ठरला त्याच दिवशी गेली. 'चर्चा' या शब्दापुढे मी आधीच तिप्पट वेळ लिहिला आहे. गटातल्या नव्या मुलीला तो जास्त वाटतो.